डोंगर चढून कॅन्सरचं काय बिघडतं?

टांझानियातल्या किलिमांजारो पर्वताच्या माथ्याशी, ज्वालामुखीच्या विवरातल्या राखेच्या सपाटीवर, 26 सप्टेंबर 2014 रोजी क्रिकेटचा सामना खेळला गेला. उंची 5,730 मीटर. तिथं हवा इतकी विरळ असते की एका श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो. चोरटी धाव काढली तरी गुडघ्यांवर हात टेकून उभं राहायची वेळ येते. खेळणाऱ्यांत 2005 ची अ‍ॅशेस मालिका जिंकलेल्या इंग्लंड संघाचा डावखुरा फिरकी गोलंदाज अ‍ॅशली जाइल्स होता. दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळलेला पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी क्रिकेटपटू मखाया एन्टिनी होता. इंग्लंडच्या महिला संघाची माजी कर्णधार क्लेअर कॉनर होती, आणि तेव्हा खेळत असलेली हेदर नाइटही होती. कित्येक दिवस चालून ही मंडळी तिथं पोहोचली होती. याआधीचा सर्वांत उंचावरचा सामना एव्हरेस्टच्या वाटेवर गोरक शेप इथं, 5,165 मीटरवर झाला होता. तो विक्रम त्या दिवशी मोडला.

या मोहिमेतून जमणारा पैसा तीन ठिकाणी जायचा होता: रवांडातल्या क्रिकेट मैदानाला, आफ्रिकेतल्या वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या टस्क ट्रस्टला आणि ब्रिटनमधल्या कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेला. रवांडातलं मैदान 2017 मध्ये किगालीजवळ उभं राहिलं. तिथं जाऊन गवतावर पाय ठेवता येतो. वाचवलेल्या हत्तीचं निदान छायाचित्र तरी काढता येतं. तिसऱ्या वाट्याचं काय झालं, हे मात्र कुणालाच बोट ठेवून दाखवता येणार नाही. तो पैसा कुठल्या तरी प्रयोगशाळेच्या खर्चात मिसळून गेला असणार. त्यातून काय निघालं हे कदाचित आणखी वीस वर्षांनी कळेल, कदाचित कधीच कळणार नाही. मला हा तिसरा वाटाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो गोळा करायला डोंगर का चढावा लागतो याचं उत्तरही त्याच्या या अदृश्यपणातच आहे असं माझं म्हणणं आहे.

अशा मोहिमांवरचा आक्षेप सरळ आहे. डोंगर चढून कॅन्सरचं काय बिघडतं? विमानाचं तिकीट, राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क, वाटाडे, तंबू, महागडे बूट यांवर जो खर्च होतो तोच थेट संशोधनाला दिला तर? ज्यांच्याकडे पैसा आणि नाव दोन्ही आहे त्यांनी आपली हौस भागवायची आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं, हे कशासाठी? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. चढणाऱ्यानं आपला सगळा खर्च स्वतःच्या खिशातून केला नसेल आणि देणगीदाराच्या रुपयातलाच काही भाग त्याच्या तिकिटावर गेला असेल, तर तो आक्षेप पूर्ण खरा आहे आणि अशी मोहीम होऊ नये. पण खर्च स्वतःचा असेल, तर आक्षेपातला उरलेला भाग एका गृहीतकावर उभा आहे. कुणी मागितलं नाही तरी लोक संशोधनासाठी पैसे देतील, हे ते गृहीतक. तसं होत नाही.

आपल्याकडेच बघा. मराठी माणूस कॅन्सरच्या रुग्णासाठी देत नाही असं कुणी म्हणू नये. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आसपास गेली कित्येक दशकं जे चाललं आहे ते देण्याचं एक मोठं रूप आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. तिथं विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबं उपचार संपेपर्यंत राहतात. तशीच सोय करणारी नाना पालकर स्मृती समिती आहे. फुटपाथवर बसलेल्या नातेवाइकांना जेवण वाटणारे लोक आहेत. गणेश मंडळं रुग्णांच्या औषधांसाठी धनादेश देतात, गावातल्या पोराच्या केमोथेरपीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन आलं की दोन दिवसांत पैसे उभे राहतात. हे सगळं देणं समोरच्या माणसाकडे बघून होतं. पोराचा फोटो असतो, बापाचा नंबर असतो, कागदावर हॉस्पिटलचा शिक्का असतो. देणाऱ्याला आपला रुपया कुठं गेला हे दिसतं, आणि दिसावं अशी अपेक्षा ठेवण्यात काही गैर नाही.

संशोधनाला दिलेला रुपया असा दिसत नाही. तो ज्याला उपयोगी पडणार तो माणूस अजून आजारी पडलेला नाही. कदाचित अजून जन्मालाही आलेला नाही. त्याचा फोटो नाही, नाव नाही, त्याची आई दाराशी येऊन बसत नाही. दातृत्वाला समोर कुणीतरी लागतं आणि इथं समोर कुणीच नाही. ती रिकामी जागा भरायला दुसरा कुणीतरी माणूस स्वतःचा देह घेऊन उभा राहतो, तेव्हाच तिथं पैसा येऊ लागतो. किलिमांजारोवर धापा टाकणारा एन्टिनी त्या अजून न दिसणाऱ्या रुग्णाच्या जागी उभा असतो. चढाईचा उपयोग एवढाच आहे, आणि माझ्या मते तो फार मोठा आहे.

संशोधन या कामाची चाल एकदा समजून घेतली की ही मध्यस्थी का लागते हे स्पष्ट होतं. 2011 चा विश्वचषक आपल्याला जिंकून देणाऱ्या युवराज सिंगचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. त्या स्पर्धेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हाच दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत त्याची गाठ वाढत होती. 2012 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली त्याच्यावर केमोथेरपी झाली आणि तो पुन्हा भारताकडून खेळला. आपण ती गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण ज्या जातीची ती गाठ होती, तिच्यावरचे आजचे उपचार सिसप्लॅटिन नावाच्या औषधावर उभे आहेत, आणि ते औषध कॅन्सरवर काम करताना सापडलेलं नाही.

1965 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेचा जिवाणूंच्या वाढीवर काय परिणाम होतो हे बघत होते. द्रावणात त्यांनी प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड ठेवले होते. प्लॅटिनम निष्क्रिय धातू, त्याचा काही परिणाम होणार नाही अशी समजूत होती. झालं भलतंच. जिवाणू विभागायचे थांबले आणि लांबच लांब धाग्यांसारखे वाढत गेले. पुष्कळ शोधाशोध केल्यावर लक्षात आलं की हे काम विजेचं नाही, इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमच्या संयुगांचं आहे. पेशींचं विभाजन थांबवणारं काही असेल तर ते गाठींवर चालून बघावं, हा विचार तिथून पुढं आला. 1974 मध्ये आइनहॉर्न यांनी ते औषध इतर दोन औषधांच्या जोडीनं वृषणाचा कॅन्सर (युवराजच्या गाठीच्याच जातीचा) शरीरभर पसरलेल्या तरुणांना द्यायला सुरुवात केली. त्याआधी अशा दहा रुग्णांतला एखादाच वाचत असे. आज पाचातले चार बरे होतात. विजेच्या प्रवाहात जिवाणू बघणाऱ्या माणसाला 1965 साली कुणी विचारलं असतं, याचा रुग्णाला काय फायदा, तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. 1981 साली चंडीगडला जन्मलेल्या एका क्रिकेटपटूचा जीव त्या उत्तर नसलेल्या प्रश्नाला लटकलेला होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

दुसरी गोष्ट मला आणखी आवडते. कॅन्सर रिसर्च यूके ही संस्था 2002 मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन तयार झाली. त्यांतली एक, इंपीरियल कॅन्सर रिसर्च फंड, लोकांच्या देणग्यांवर चालणारी होती. तिथं पॉल नर्स नावाचे शास्त्रज्ञ यीस्टवर काम करत. यीस्ट म्हणजे आंबवण्याच्या कामी येणारी एकपेशीय बुरशी. नर्स ज्या जातीच्या यीस्टवर काम करत होते ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून वेगळी काढलेली होती. या यीस्टची पेशी दोन व्हायचं कधी ठरवते, हे एका जनुकावर अवलंबून असतं असं नर्स यांनी दाखवलं, आणि 1987 मध्ये त्यांच्या गटानं तेच जनुक माणसाच्या पेशीतही शोधून काढलं. बिअरची बुरशी आणि माणूस यांच्यात अब्जाहून अधिक वर्षांचं अंतर आहे, तरी विभाजनाची किल्ली तीच. 2001 मध्ये नर्स यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पेशीविभाजनाच्या याच यंत्रणेतल्या प्रथिनांना रोखणारी गोळी, पॅल्बोसिक्लिब, 2015 पासून स्तनाच्या कॅन्सरच्या अनेक रुग्ण स्त्रिया घेत आहेत. ब्रिटनमधल्या कुणा आजीनं डबा फिरवणाऱ्या स्वयंसेवकाच्या हाती ठेवलेलं नाणं यीस्टवर खर्च झालं, हे तिला कधी कळलंही नसेल. आपण यीस्टच्या नावानं वर्गणी मागू शकतो का? कोण देईल? म्हणून कुणीतरी डोंगर चढतो.

हे सर्वांत नेमकं ओळखलं ते कॅनडाच्या टेरी फॉक्सनं. तो डोंगर चढला नाही, देशभर धावला, पण या विषयावर बोलताना त्याला वगळून चालत नाही. टेरी विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळत असे. 1977 साली, अठराव्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. उपचार घेताना त्याला कळलं की त्याच्यासारख्या रुग्णाची जगण्याची शक्यता दोन वर्षांपूर्वी शंभरात पंधरा होती आणि आता ती पन्नास झाली आहे. मधल्या दोन वर्षांत रुग्णांची जिद्द वाढली नव्हती. औषधं बदलली होती. ही गोष्ट त्या मुलाच्या मनात पक्की बसली. 12 एप्रिल 1980 ला न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून तो निघाला आणि रोज जवळपास एक मॅरेथॉन धावू लागला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले. 1 सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं, कारण कॅन्सर फुफ्फुसात पोहोचला होता. पुढच्या वर्षी 28 जूनला, तेवीस वर्षं पूर्ण होण्याच्या एक महिना आधी, तो गेला.

प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर हे त्याचं मागणं होतं. तो जिवंत असतानाच, फेब्रुवारी 1981 पर्यंत, जमा रकमेनं दोन कोटी एक्केचाळीस लाख डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या लोकसंख्येइतका, आकडा गाठला. त्याच्या नावानं दरवर्षी निघणाऱ्या दौडींनी आजवर ऐंशी कोटींहून अधिक कॅनेडियन डॉलर उभे केले. मुंबईतही त्याच्या नावाची दौड निघालेली आहे. पैसा संशोधनालाच जाईल यावर तो शेवटपर्यंत ठाम होता. रॉकी पर्वतरांगेतल्या एका शिखराला त्याचं नाव आहे, पण हाडाच्या कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांचा पाय आता कापावा लागत नाही, हे मला त्या शिखराहून उंच स्मारक वाटतं.

आता माजी खेळाडूच का, हा प्रश्न. प्रसिद्धी हे अर्धं उत्तर झालं. प्रसिद्धी नटांकडेही असते. खेळाडूच्या देहाशी लोकांचं नातं वेगळं असतं. त्याचा गुडघा कधी दुखावला, पाठीवर कुठली शस्त्रक्रिया झाली, कुठल्या मोसमात त्याचा वेग कमी झाला, हे आपण वर्षानुवर्षं वाचलेलं असतं. दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा इतका जाहीर इतिहास नसतो. आणि माजी खेळाडूनं तर ते शरीर आपल्याला सोडून जाताना अनुभवलेलं असतं. पस्तिशीतच त्याला असं काही कळलेलं असतं जे आपल्याला साठीत कळतं: मन म्हणेल ते देह करेलच असं नाही.

मार्टिना नवरातिलोव्हाची चढाई मला म्हणूनच आठवते. एकेरीची अठरा ग्रँड स्लॅम विजेतेपदं, त्यांतली नऊ विम्बल्डनची, एवढं पाठीशी असलेली ही बाई तेव्हा चोपन्न वर्षांची होती. 2010 च्या सुरुवातीला तिला स्तनाच्या कॅन्सरचं अगदी प्राथमिक अवस्थेतलं निदान झालं, गाठ काढली गेली, मग रेडिएशन झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती किलिमांजारो चढायला निघाली. तो निधी कॅन्सरसाठी नव्हता, खेळातून मुलांना आधार देणाऱ्या लॉरियस प्रतिष्ठानासाठी होता. पाऊस आणि बर्फ लागलं. साडेचार हजार मीटरच्या आसपास तिच्या फुफ्फुसांत पाणी साचायला लागलं, तिला खाली आणावं लागलं आणि नैरोबीच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. उंचीवरचा हा आजार कुणाला होईल याचा शारीरिक तंदुरुस्तीशी फारसा संबंध नसतो. जगातल्या सर्वांत शिस्तीच्या शरीरांपैकी एक शरीर मागं फिरलं आणि तिच्याहून कितीतरी कमी तयारीचे लोक वर जाऊन आले. तिच्यात काय कमी पडलं, असं कुणी विचारलं नाही. विचारणं मूर्खपणाचं ठरलं असतं.

कॅन्सरच्या रुग्णाला मात्र आपण हेच विचारतो. वर्तमानपत्रात छापून येतं, त्यांची कर्करोगाशी झुंज अपयशी ठरली. म्हणजे झुंजण्यात ते कमी पडले? जो वाचला तो लढवय्या, आणि जो गेला त्याचं काय? शिखर सर करण्याचं चित्र कॅन्सरच्या निधीसाठी वापरताना हा धोका कायम असतो. वर उभा राहून हात उंचावणारा माजी रुग्ण आणि खाली लिहिलेलं, मी जिंकलो. हे पोस्टर खाटेवर पडलेल्या माणसाला दिलासा देत असेल, पण ज्याच्या गाठीनं औषधाला दाद दिली नाही त्याच्यावर ते नकळत आरोपही ठेवतं. अमेरिकेचा शॉन स्वार्नर लहानपणी दोन वेगवेगळ्या कॅन्सरमधून वाचला. एका फुफ्फुसाची ताकद जवळपास गेलेली असताना मे 2002 मध्ये तो एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचला. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी तो वाचला तो त्याच्या वाट्याला आलेल्या औषधांमुळे, आणि चढला ते त्याच्या हिमतीमुळे, ही दोन वाक्यं वेगळीच राहिली पाहिजेत. ती एक केली की संशोधनाची गरजच उरत नाही. हिंमत असेल तो वाचेल, एवढंच उरतं.

पैसा कुठं जातो, इथं मी सर्वांत आग्रही आहे. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण कडू आहे पण टाळता येत नाही. तोही आइनहॉर्न यांच्याच इंडियानामध्ये बरा झाला, सिसप्लॅटिनवरच. 1997 मध्ये त्यानं प्रतिष्ठान काढलं. 2004 पासून पिवळ्या रबरी पट्ट्या जगभर मनगटांवर आल्या, कोट्यवधी विकल्या गेल्या. पुढं त्या प्रतिष्ठानानं प्रयोगशाळांना अनुदान देणं आटोपतं घेतलं आणि रुग्णांना आधार, माहिती, जागृती या कामांकडे मोर्चा वळवला. ती कामं वाईट नाहीत. पण पट्टी घेणाऱ्या पुष्कळांना आपले पैसे संशोधनाला जातात असंच वाटत होतं. 2012 मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात त्याची सातही टूर द फ्रान्स विजेतेपदं काढून घेतली गेली आणि प्रतिष्ठानाचा पायाच खचला. एका माणसाच्या पुण्याईवर उभा केलेला पैसा त्या माणसाबरोबर बुडतो. संशोधनाला वीस वर्षांची हमी लागते, आणि वीस वर्षं कुणाचंच नाव स्वच्छ राहील याची खात्री नसते. म्हणून खेळाडूनं पैसा गोळा करावा आणि शास्त्रज्ञांच्या समितीच्या हाती सोपवून बाजूला व्हावं. स्वतःच्या नावाचं प्रतिष्ठान काढण्याचा मोह टाळणारे थोडे असतात.

याउलट काय कराल ते स्पष्ट सांगा आणि तेच करा, याचा चांगला नमुना ऑस्ट्रेलियन गोलंदाज ग्लेन मॅकग्राचा आहे. पत्नी जेन हिच्या आजारपणात तिला ज्या परिचारिकेचा आधार मिळाला तशी परिचारिका ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक रुग्णाला मिळावी, एवढंच त्यांनी 2005 पासून मागितलं. सिडनीच्या नव्या वर्षाच्या कसोटीत सगळं मैदान गुलाबी होतं आणि तो पैसा परिचारिकांवर खर्च होतो. ते संशोधन नाही आणि तसं कुणी म्हणतही नाही. इंग्लंडचे क्रिकेटपटू इयन बोथम यांनी तर खेळत असतानाच, 1985 मध्ये, स्कॉटलंडच्या टोकापासून इंग्लंडच्या टोकापर्यंत चालून ल्युकेमियाच्या संशोधनासाठी पैसा उभा केला. तीन वर्षांनी हॅनिबलच्या वाटेनं हत्तींसह आल्प्सही ओलांडला. पायाच्या दुखण्यासाठी टॉन्टनच्या रुग्णालयात गेले असताना त्यांना ल्युकेमियाची मुलं दिसली होती, तिथून हे सुरू झालं. साठच्या दशकात लहान मुलांच्या सर्वांत नेहमीच्या ल्युकेमियातून दहातलं एखादंच मूल वाचे. आज श्रीमंत देशांत दहातली नऊ वाचतात. त्या बदलात बोथम यांच्या चालण्याचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण तो वाटा शून्य नाही.

आणि डोंगरावर ओझी कोण वाहतं, हेही त्याच हिशोबात आलं पाहिजे. किलिमांजारोवर पाहुण्याचा तंबू, जेवण, खुर्च्या पोर्टर वर नेतात. एका पोर्टरनं वीस किलोहून जास्त वाहू नये असा नियम आहे आणि तो मोडला जातो, मजुरी बुडवली जाते, अंगावर पुरेसे गरम कपडे नसतात, अशा तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. दूरच्या न दिसणाऱ्या माणसासाठी निघालेल्याला शेजारून ओझं घेऊन चढणारा दिसला नाही, तर त्याच्या सगळ्या करुणेवर मी शंका घेईन.

आता आपल्या प्रश्नाकडे. संशोधन म्हणजे परदेशातलं काही, अशी आपली समजूत असेल तर ती परळमध्येच खोटी ठरते. टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं, ल्युकेमियानं गेलेल्या लेडी मेहेरबाई टाटांच्या आठवणीतून. त्यांच्या नावाचा ट्रस्ट 1932 पासून ल्युकेमियाच्या संशोधनाला जगभर मदत देत आला आहे, म्हणजे बोथम चालायला लागण्याच्या अर्धशतक आधीपासून. या हॉस्पिटलच्या शास्त्रज्ञांनी जे प्रश्न घेतले ते बघण्यासारखे आहेत. स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं तर? लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात ते, कुठल्याही दवाखान्यात मिळणारं. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी अकरा केंद्रांवर सुमारे 1,600 स्त्रियांमध्ये हे करून पाहिलं. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले: पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेलं. तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की नंतर उद्भवल्यावर, या जगभर अडून राहिलेल्या वादाचा निकाल डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटानं 2015 मध्ये लावला. आधी काढल्या तर तीन वर्षांनी शंभरातले ऐंशी रुग्ण हयात होते, नंतर काढल्या तर साडेसदुसष्ट. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून, पातळ केलेलं व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली तर मृत्यू 31 टक्क्यांनी घटतात, हे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासातून 2013 मध्ये पुढं आलं. त्या अभ्यासात तुलनेसाठीच्या गटातल्या स्त्रियांची तशी तपासणी झाली नाही यावर नैतिक टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

या तिन्ही प्रश्नांत एक समान गोष्ट आहे. त्यांच्या उत्तरांतून कुठल्याही कंपनीला विकण्यासारखं काही मिळत नाही. लिग्नोकेनवर पेटंट नाही, व्हिनेगरवर नाही, सुरी कधी चालवावी यावर तर नाहीच. असे प्रश्न सरकारी पैशावर किंवा लोकांच्या पैशावरच सुटतात. लिग्नोकेनच्या अभ्यासामागे अणुऊर्जा विभाग होता. व्हिनेगरच्या अभ्यासाचा पैसा अमेरिकेच्या सरकारी संस्थेकडून आला, म्हणजे मुंबईतल्या बायकांचा प्रश्न सोडवायला अमेरिकी करदाता लागला. मुंबई मॅरेथॉनमध्ये दरवर्षी हजारो लोक कुठल्या ना कुठल्या सेवाभावी कामासाठी पैसे गोळा करत धावतात. त्यातला अधिक वाटा अशा प्रश्नांकडे का वळू नये?

आपले माजी क्रिकेटपटू या कामाला का येत नाहीत, हे विचारताना मला राग आवरत नाही. जगातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश भारतात आहेत, आणि तंबाखू व सुपारी ही त्याची मुख्य कारणं आहेत. महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतरच्या काळात, ज्यांच्या शतकांवर आम्ही टाळ्या पिटल्या त्यांच्यातलेच काही जण टीव्हीवर वेलचीची जाहिरात करताना दिसतात. पाकिटावरचं नाव पानमसाल्याचं असतं. हे काय आहे ते पाहणाऱ्या शाळकरी मुलालाही कळतं. जो देह न दिसणाऱ्या रुग्णाच्या जागी उभा राहू शकला असता, तोच त्या रुग्णांची संख्या वाढवणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो. आणि हे टाळता येत नाही असं कुणी म्हणू नये. 1996 चा विश्वचषक सिगारेटच्या नावानं खेळला गेला, भारतीय खेळाडूंच्या अंगावरही तेच नाव होतं, त्या काळात सचिन तेंडुलकरनं वडिलांना, प्रा. रमेश तेंडुलकरांना, दिलेल्या शब्दाखातर तंबाखूच्या जाहिराती नाकारल्या. तेव्हा तो ऐन भरात होता. निवृत्त माणसाला ते सोपं असायला हवं.

माझी मागणी किलिमांजारोची नाही. एखाद्या रणजी संघातून निवृत्त झालेल्या वीस जणांनी स्वखर्चानं कळसूबाई चढावं, 1,646 मीटर, एका दिवसाचं काम. त्यांच्या टी-शर्टवर कॅन्सरशी लढा वगैरे काही नसावं. तिथं एक प्रश्न लिहिलेला असावा, ज्याचं उत्तर कुठली कंपनी शोधणार नाही, टाटा किंवा बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी निवडलेला. तंबाखू सोडलेल्या माणसाच्या तोंडातला पांढरा चट्टा कुणाचा कॅन्सरकडे जाईल आणि कुणाचा नाही, हे आधी कसं ओळखायचं, असा काहीतरी. पाच वर्षांनी त्याच वीस जणांनी पैसे देणाऱ्यांना पुन्हा बोलावावं आणि काय झालं ते सांगावं. बहुधा सांगावं लागेल की या पद्धतीनं ओळखता येत नाही असं आढळलं, पैसा संपला, पुढचे लोक दुसऱ्या पद्धतीनं बघत आहेत. देणगीदारांसमोर हे सांगायला नट कचरेल, पुढारी तर ते सांगणारच नाही. चौथ्या दिवशी डावानं हरून पत्रकारांसमोर येऊन बसायची सवय खेळाडूला असते. तो सांगू शकेल, आणि त्याच बैठकीत पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा पैसे मागू शकेल.